मिशीखालची खूण

मुलीला विचारूनच हे लिहितोय. तिनं आधी वाचलं, दोन वाक्यं काढायला लावली आणि म्हणाली, "टाका आता." त्यामुळे तिच्यासाठी हळहळायला कुणी फोन करू नये, ही पहिली विनंती. पोस्ट लांब आहे, ही दुसरी अडचण. पण ज्यांच्या घरात लग्नाची मुलं-मुली आहेत किंवा कुणी गरोदर आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

मार्चमध्ये माझे वडील गेले. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर बसलो. न्हाव्यानं डोकं केलं आणि मिशीही उतरवली. कॉलेजात फुटली तेव्हापासून ती मिशी माझ्या तोंडावर होती. लहानपणी ज्यांनी मला पाहिलंय त्यांना माहीत आहे तिच्याखाली काय आहे ते. डाव्या नाकपुडीपासून ओठाच्या कडेपर्यंत एक शिवण आहे आणि नाकपुडी थोडी बसकी आहे. माझा जन्म दुभंगलेल्या ओठाचा. सहाव्या वर्षी मिरजेला ऑपरेशन झालं, तोवर गावात मला ज्या नावानं हाक मारत ते इथं लिहीत नाही.

त्याच दिवसांत मुलीच्या लग्नाचं जमत आलं होतं. आता सुतक फिटलं की वर्षाच्या आत कार्य करून घेऊ, असं दोन्हीकडून बोलणं झालेलं. मुलाकडची मंडळी भेटायला आली. बसली, वडिलांबद्दल चार शब्द बोलली, चहा घेतला. माझ्या तोंडाकडे बघून कुणी काही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी मध्यस्थांचा फोन आला. "मुलीला नाव ठेवायला जागा नाही हो. पण पाव्हण्यांचं म्हणणं पडलं की हे रक्तात असतं. उद्या नातवंडात निघालं तर?"

आणि विषय संपला.

राग आला, खोटं कशाला बोलू. पण राग ओसरल्यावर वाटलं, त्यांचा प्रश्न अगदीच खुळा नाही. निदान त्यांनी ग्रहणाचं नाव तरी घेतलं नाही! रक्तात असतं, असं म्हणाले. मग खरंच रक्तात असतं का, किती असतं, हे मी वाचत सुटलो. ओळखीच्या दोन डॉक्टरांना पिडलं. जे कळलं ते सांगतो.

आधी ग्रहणाचं उरकू, कारण आपल्याकडे अजून तेच पहिलं कारण आहे. ७ सप्टेंबरला खग्रास चंद्रग्रहण होतं. दुपारपासून वेध. माझी भाची बाळंतपणाला आमच्याकडे आलेली, सातवा महिना. सकाळपासून फोनवर मेसेज येत होते: गरोदर बायकांनी सुरी, विळी, कात्री हातात घेऊ नये, बाळाचा ओठ फाटतो. माझी आई वय वर्षं ७५. तिनं भाचीला खोलीत बसवलं आणि विळी माळ्यावर टाकली. मला तिचा राग आला नाही. कारण माझ्या वेळी सातव्या महिन्यात ग्रहण लागलं होतं आणि तिनं विळीवर वांगी चिरली होती, हे आमच्या घरात मी आयुष्यभर ऐकत आलोय. माझ्या आजीनं ते आईला ऐकवलं, आत्यांनी ऐकवलं, बारशाला आलेल्या बायकांनी ऐकवलं. माझी धाकटी बहीण नीट ओठाची झाली, तेव्हासुद्धा "या वेळी बसली ना गप" असंच म्हणाले.

त्या संध्याकाळी मी आईजवळ बसलो आणि तिला सांगितलं. आई, बाळाचा चेहरा तयार होतो तेव्हा गर्भ घेवड्याच्या दाण्याएवढा असतो. चेहऱ्याचे तुकडे दोन्ही बाजूंनी वाढत येतात आणि मध्ये जुळतात. वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या आसपास जुळून झालेला असतो. टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. तुझं ग्रहण लागलं सातव्या महिन्यात. माझा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळायचा राहून गेला होता. तू वांगी चिरलीस तोवर पाच महिने होऊन गेले होते.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग मला इतकी वर्षं का बोलत हुते सगळे?"

याला मी काय उत्तर देणार? तुमच्याकडे असेल तर सांगा.

आणखी एक गोष्ट. ग्रहणं सहा-सहा महिन्यांच्या अंतरानं येतच असतात. नऊ महिन्यांच्या कुठल्याही गरोदरपणात जगात कुठे ना कुठे एक तरी ग्रहण होतंच. म्हणजे बाळात काही निघालं की मागे जाऊन ग्रहण शोधायचं म्हटलं तर ते सापडणारच. आणि त्याच ग्रहणात त्याच गल्लीत ज्या गरोदर बायकांनी भाजी चिरली, त्यांच्या धडधाकट पोरांचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आता पाव्हण्यांच्या प्रश्नाकडे येतो. रक्तात असतं का?

असतं. काही अंशी. डेन्मार्कच्या फोग-अँडरसन नावाच्या डॉक्टरांनी १९४२ मध्ये शेकडो घराण्यांचा अभ्यास करून दाखवलं की दुभंगलेला ओठ काही घराण्यांत पुन्हा पुन्हा येतो. नुसता टाळू दुभंगणं ही वेगळी जात आहे, हेही त्यांनीच मांडलं. पण एकाच जनुकानं बिघाड केला आणि झालं, इतकं ते सरळ नाही. पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा हात असतो आणि त्यात बाहेरची कारणं मिसळतात. आईचं धूम्रपान, फिटच्या काही गोळ्या, आटोक्यात नसलेला मधुमेह ही त्यातली काही. अगदी एकसारखी जुळी भावंडं घ्या, म्हणजे जनुकं तंतोतंत तीच. एकाचा ओठ दुभंगलेला असेल तर दुसऱ्याचाही असण्याचं प्रमाण साधारण निम्मं आहे. सगळं रक्तानंच ठरत असतं तर ते शंभरात शंभर असतं.

आकडे सांगतो. कुठल्याही जोडप्याला असं बाळ होण्याची शक्यता सातशे ते हजार जन्मांत एक. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल, आणि बाकी कुठलं व्यंग नसेल, तर बाळाला होण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास. ती माझी शक्यता होती. माझी दोन्ही मुलं त्या शहाण्णवात बसली. आता नातवंडांचं. आजोबाला आहे, आईला नाही, तर शक्यता शंभरात एक किंवा त्याहूनही कमी होते. म्हणजे पाव्हण्यांना ज्या नातवंडाची भीती वाटली, ते नीट ओठाचं जन्मण्याची शक्यता शंभरात नव्याण्णव होती.

आणि याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. ज्या घरांत कुणालाच काही नाही, पत्रिका जुळल्या, गुण छत्तीसच्या छत्तीस, अशा जोडप्यांच्यातही शंभरातल्या दोन-तीन बाळांना काही ना काही मोठं जन्मजात व्यंग असतं. हृदयाचं, पाठीच्या कण्याचं, कशाचंही. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात हे प्रमाण साधारण दुप्पट होतं. आपल्याकडे मामाची मुलगी करताना कुणी विचारतं का, रक्ताचं काय? तिथं उलट म्हणतो, घरचीच आहे. आणि माझ्या ओठावरच्या शिवणीसाठी परकं, चांगलं स्थळ मोडतो.

आता मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट सांगतो. आपण बारशाला काय करतो? बाळाच्या तोंडाकडे बघून वाटण्या करतो. नाक आजोबांचं, कपाळ आईकडचं, हनुवटी आत्याची. शास्त्रज्ञांनीही एका अर्थी तेच केलं. दुभंगलेल्या ओठाच्या मुलांच्या आईवडिलांचे आणि भावंडांचे चेहरे मोजले. यांचे ओठ अगदी नीट आहेत, बघून कुणाला काही कळणार नाही, असे हे लोक. फ्रेझर आणि पाशायान या दोघांनी १९७० मध्ये या आईवडिलांच्या चेहऱ्याच्या ठेवणीवर लिहिलं. पुढे तर त्रिमितीय कॅमेऱ्यांनी मोजमापं झाली. दिसलं असं की अशा घरांतल्या नीट ओठाच्या माणसांचेही चेहरे सरासरीनं किंचित वेगळे असतात. चेहरा जरासा रुंद, मधला भाग जरासा चपटा, नाकपुड्यांत बारीकसा फरक. काहींच्या ओठाची सोनोग्राफी केली तर कातडी अखंड, पण आतल्या गोल स्नायूत बारीक फट. ही फट इतर लोकांपेक्षा अशा घरांत जास्त वेळा सापडते. टाळूच्या बाबतीत असंच एक चिन्ह म्हणजे दुभागलेली पडजीभ. आ करून आरशात बघितल्याशिवाय ती माणसाला स्वतःलाही माहीत नसते.

हे वाचल्यावर मी घरातले जुने फोटो काढून बसलो. वडिलांचा चेहरा रुंद. थोरल्या आत्याची एक नाकपुडी दुसरीपेक्षा खाली आहे की काय? आईच्या भावाचा वरचा ओठ? रात्री अकरा वाजता बायको म्हणाली, "पुरे आता, उद्या माझ्या माहेरचे फोटो काढाल." तिचं बरोबर होतं. हे फरक मिलिमीटरचे आहेत. शेकडो माणसांची सरासरी काढली तर कळतात, एका माणसाच्या तोंडाकडे बघून काही सांगता येत नाही. रुंद चेहऱ्याची, बसक्या नाकाची लाखो माणसं आहेत ज्यांच्या सात पिढ्यांत असं काही झालेलं नाही. तेव्हा आता कुणी मुलगी बघायला जाताना पट्टी घेऊन जाऊ नये.

पण या मोजमापांतून मला एक कळलं. जे माझ्या ओठावर आलं, त्याचा वाटा वडिलांकडूनही आला असणार आणि आईकडूनही. दोघांच्याही घरात तो पिढ्यान् पिढ्या न दिसता फिरत असणार. माझ्यात तो दिसला, एवढंच. आजी आईला म्हणायची, "तुझ्या माहेरचं आलंय." आईकडचे म्हणायचे, आमच्यात कुणालाच नाही. दोन्ही घरांत असणार, आणि ज्या पाव्हण्यांनी स्थळ मोडलं त्यांच्याही घरात असू शकतं. ज्याचं दिसलं त्याला नकार, आणि ज्याचं दिसलं नाही तो निवडणार, अशी ही आपली रीत.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा, कारण तो खरंच कामाचा आहे. काही घरांत खालच्या ओठावर, मधोमध दोन बाजूंना, टाचणीच्या टोकानं केल्यासारखे दोन बारीक खड्डे असतात. कधी त्यातून थोडी लाळ येते. व्हॅन डर वूड नावाच्या डॉक्टर बाईंनी १९५४ मध्ये याबद्दल लिहिलं, म्हणून त्याला त्यांचं नाव. यात मात्र एकच जनुक कारण असतं आणि ते मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी असते. एकाला नुसते खड्डे, त्याच्या मुलाला दुभंगलेला ओठ, असंही होतं. घरात असे खड्डे कुणाला असतील तर लाजू नका. मूल होऊ देण्याआधी मोठ्या शहरात जनुकांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. लग्न न करण्याचं ते कारण नाही. बाळ आलं तर पहिल्या दिवसापासून काय करायचं, हे माहीत असण्याचं ते कारण आहे.

आणि माहीत असण्याला फार किंमत आहे. स्थळं मोडतात या भीतीनं आपल्याकडे लोक हे लपवतात. मिशी तर माझ्यासारख्याला मिळते. ऑपरेशन झालेल्या बाईनं कुठं लपवायचं? ती फोटोत तोंडावर हात ठेवते, नाहीतर फोटोलाच येत नाही. एक काका असायचे, लहानपणीच वारले, असं सांगतात. ते का वारले, हे सांगत नाहीत. दूध ओढता येत नसल्यानं वारले असतील, हे कुणी बोलत नाही. मग सून गरोदर राहते, डॉक्टर विचारतात, "घरात कुणाला ओठाचा, टाळूचा त्रास होता का?" आणि सासू पटकन म्हणते, "छे, आमच्यात असलं काही नाही." इथं लपवण्याची किंमत बाळ मोजतं. खरं सांगितलं असतं तर सोनोग्राफीत नीट बघितलं असतं. फिटच्या गोळ्या चालू असतील तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांनी त्या तपासल्या असत्या. (स्वतःच्या मनानं त्या बंद करू नका, तेही धोक्याचं.) फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासून सुरू झाली असती. ती पाठीच्या कण्याच्या व्यंगापासून वाचवते हे पक्कं आहे. ओठाच्या बाबतीत पुरावा तितका पक्का नाही, पण घ्यायलाच हवी अशी गोळी आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

बाळ जन्मलंच तसं, तर? घाबरू नका, उशीर करू नका. टाळू दुभंगलेला असेल तर बाळाला अंगावर ओढता येत नाही, दूध नाकातून येतं. त्याला उभट धरून, आईचं दूध काढून, वाटी-चमच्यानं किंवा दाबता येणाऱ्या बाटलीनं पाजायचं. हे पहिल्याच दिवशी शिकवणारी नर्स भेटली तर बाळाचं वजन वाढतं, आणि वजन वाढलं तरच ऑपरेशन वेळेवर होतं. ओठाचं ऑपरेशन तीन ते सहा महिन्यांत, टाळूचं साधारण नऊ ते अठरा महिन्यांत. टाळूला उशीर झाला तर बोलणं नाकात राहतं. कानात पाणी साठून ऐकू कमी येण्याचाही धोका असतो, म्हणून कान तपासत राहायचे. माझं सहाव्या वर्षी झालं कारण घरी कुणाला माहीतच नव्हतं की हे शिवता येतं.

आज ते अज्ञान चालणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीच्या यादीत दुभंगलेला ओठ-टाळू आहे. पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात, ऑपरेशन मोफत होतं. स्वयंसेवी संस्थाही फुकट ऑपरेशनं करतात. आशाताईंना, अंगणवाडी ताईंना विचारा, त्या नाव लिहून घेतील.

सरकारकडे एक मागणी मात्र आहे. ऑपरेशनवर काम संपत नाही. टाळू शिवल्यावर मुलाला बोलायला शिकवावं लागतं, महिनोन् महिने, आठवड्याला एकदा तरी. आमच्या भागातल्या एका मजूर बाईला त्यासाठी दर खेपेला दिवसाची मजुरी बुडवून साठ किलोमीटर जावं लागतं. चार खेपा गेली आणि बंद केलं. पोराचा ओठ सुंदर शिवलाय, पण तो काय बोलतो ते त्याच्या बाईंना कळत नाही, आणि तो वर्गात मागच्या बाकावर बसतो. तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस वाचा-उपचाराचा माणूस बसवायला किती खर्च येतो? येत्या निवडणुकीत मतं मागायला येतील त्यांना हे विचारायचं मी ठरवलंय. तुम्हीही विचारा.

राहिली माझ्या मुलीची गोष्ट. पुढच्या स्थळाला काय सांगायचं, यावर घरात चर्चा झाली. आई म्हणाली, "मिशी वाढव परत, कशाला उगाच." बायको म्हणाली, "विचारलं तर सांगू." मुलगी म्हणाली, "बायोडाटातच लिहा. ज्यांना चालणार नाही ते फोन करणार नाहीत, तुमचा चहा वाचेल."

तर लिहिलंय. 'वडिलांना जन्मतः दुभंगलेला ओठ, शस्त्रक्रिया झालेली.' मुलाकडच्यांना आम्हीही विचारणार आहोत: तुमच्यात काय काय आहे? मधुमेह, फिट, थॅलेसेमिया, जे असेल ते मोकळेपणानं सांगा. स्थळ मोडण्यासाठी विचारत नाही. पुढे डॉक्टरांना सांगता यावं म्हणून विचारतोय.

भाची पुढच्या महिन्यात बाळंत होईल. ग्रहणाच्या रात्री आईनं स्वतः माळ्यावरची विळी काढली आणि तिच्या हातात दिली नाही, पण स्वतःच कांदा चिरायला बसली. पंच्याहत्तराव्या वर्षी एवढं पुष्कळ झालं.

पटलं तर पुढे पाठवा. विशेषतः त्या ग्रुपवर, जिथं सुरी-कात्रीचे मेसेज फिरतात.